तिकडं रात्र आहे

ओतूरच्या पेठेत सोहनशेठचं कापडाचं दुकान आहे. आत गेलात की उजव्या हाताला पडद्याच्या आणि गादीच्या कापडाचे तागे दिसतील. तिथं हातात मीटरपट्टी धरून एक बाई उभी असते. म्हणाल तेवढं मापते, फाडते, घडी घालून देते. भाव विचारला तर सांगते, नाही विचारला तर गप्प. गिऱ्हाइकं बाहेर पडल्यावर म्हणतात, शेठची सून फार ताठ आहे बुवा. हे ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. ही बाई पूर्वी इतकी बोलायची की माझी आई म्हणायची, "भाबी, जरा मशिनीचा बी आवाज ऐकू द्या."

या चेतनाभाभी. त्यांचं काय झालं ते मीच सांगते, कारण त्या घरातलं कुणी सांगणार नाही. तिथं हा विषय पुन्हा काढायचा नाही असं ठरलेलं आहे. माझ्याशी कुणी काही ठरवलेलं नाही.

भाभी शिरूरच्या. बी. कॉम. झालेल्या. पंच्याण्णव साली बंटीभाऊंशी लग्न करून ओतूरला आल्या. बंटीभाऊ माणूस वाईट नाही, पण वडिलांसमोर त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही. सोहनशेठ सगळ्या पेठेत सचोटीचे म्हणून नावाजलेले. सासूबाई पानबाई धार्मिक, उपास-तपास करणाऱ्या, सकाळी जैन स्थानकात दर्शनाला गेल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या. भाभी पहाटेपासून स्वयंपाकघरात, दुपारी दुकानात आणि संध्याकाळी परत स्वयंपाकघरात. मग सिद्धी झाली.

माझी आई द्रौपदा त्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम करायची. आम्ही बौद्ध. आईसाठी त्या घरात चहाचा कप वेगळा होता, दांडी तुटलेला, मागच्या खिडकीत पालथा घातलेला. कोणी काही बोलायचं नाही, फक्त कप वेगळा. भाभींनी एक दिवस तो दांडी तुटलाय म्हणून फेकून दिला आणि आईला घरातल्या कपातून चहा दिला. पानबाईंनी ते बघितलं. आईने घरी येऊन मला हे सांगितलं, आणि मग म्हणाली, "त्या बाईचं काम मी फुकट बी करीन." फुकट करायची वेळ भाभींनी कधी आणली नाही.

तर सिद्धी पहिलीत होती. शाळेच्या गॅदरिंगला लेझीमच्या नाचात तिला घेतलं. नऊवारी नेसवून पाठवली, आणि स्टेजवर उडी मारताना पोरीचा काष्टा सुटला. सगळी शाळा हसली. पोर रडत घरी आली ती परत नाचाला जायचं नाही म्हणून हटून बसली. दुसऱ्या दिवशी भाभी आमच्या घरी आल्या, आमच्या आळीत, पायी. आईला म्हणाल्या, "मावशी, सुटणारच नाही असं लुगडं शिवता येईल का?"

दोघी बसल्या. कमरेला इलास्टिक, मागं काष्टा शिवलेला, निऱ्या शिवलेल्या, बाजूला दोन हुक. परकरासारखं पायातून चढवायचं आणि पदर खांद्यावर टाकायचा. हिरव्या खणासारख्या कापडाचं पहिलं लुगडं सिद्धीला घातलं आणि पोर अंगणात कोलांट्या मारायला लागली. लेण्याद्रीच्या पायथ्याला जुन्नरच्या फोटोवाल्याकडून तिचा फोटो काढला. कमरेवर हात, पुढचे दोन दात पडलेले, आणि तरी हसतेय. फार गोड फोटो आहे तो. आहे म्हणते, कारण अजून आहे.

मग शाळेतल्या बायकांनी मागितलं, मग आळेफाट्याच्या, मग नारायणगावच्या. भाभींची एक मावसबहीण अमेरिकेत, न्यू जर्सीला. तिने फोटो बघून तिच्या मुलीसाठी मागवलं, आणि तिथल्या मराठी मंडळातल्या बायका मागं लागल्या. आता पोस्टाने किती कळवाकळवी करणार? बहीण म्हणाली, वेबसाइट काढ. मी तेव्हा जुन्नरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नोकरी शोधत होते. भाभींनी मला बोलावलं. दुकानाच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक फोनची लाइन, चार शिलाई मशिनी आणि आम्ही. साइटचं नाव भाभींनीच ठेवलं, 'सिद्धीचं लुगडं'. सगळ्यात वर तो लेण्याद्रीचा फोटो.

खरं सांगते, त्या खोलीत भाभी वेगळ्याच असायच्या. इंग्रजीतून ई-मेल लिहायच्या, कापडावर खडूने रेघा मारता मारता मला स्पेलिंग विचारायच्या, सिद्धीचा गृहपाठ घ्यायच्या. त्या घरात त्यांची म्हणून ती एकच गोष्ट होती. बाकी सगळं सासऱ्यांचं, नवऱ्याचं, नाहीतर देवाचं.

आता दिलखुशकडे येते. नाव दिलखुश, राहणार पुणे, पानबाईंचा सख्खा भाचा. त्याची होस्टिंगची कंपनी. दुकानाला जसा गाळा लागतो तशी वेबसाइटला कुठल्यातरी मोठ्या कॉम्प्युटरवर जागा लागते, ती हा भाड्याने द्यायचा. स्वतःचा कॉम्प्युटर नव्हताच त्याच्याकडे, अमेरिकेतली जागा घाऊक घ्यायची आणि इथं किरकोळ विकायची. सोहनशेठ म्हणाले, घरातला माणूस असताना बाहेर कशाला जायचं? आम्हीही हो म्हणालो. साइटचं नाव नोंदवायचं कामही त्यानेच केलं. मी तेव्हाच म्हणाले होते, नोंदणी भाभींच्या नावावर झाली का बघा, पासवर्ड मागून घ्या. शेठ हसले. म्हणाले, "पोरी, सख्ख्या भाच्याकडं किल्ली मागायची म्हणजे तू चोर आहेस म्हणण्यासारखं झालं. आमच्यात तसं चालत नाही."

पहिलं वर्ष ठीक गेलं. दुसऱ्या वर्षी ऐन जून-जुलैत साइट बंद पडायला लागली. आमचा हंगाम तोच. तिकडच्या मंडळांचे गणपती ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे लुगडी त्याआधी शिवून, पार्सल होऊन पोचायला हवीत. भाभी फोन लावायच्या. दिलखुश आधी म्हणायचा, "भाभी, तुमच्याकडं लाइट गेली असेल." लाइट जायचीच हो, भारनियमनाचा काळ होता तो. पण लाइट असताना केलेला फोन आहे हा, असं सांगितलं की म्हणायचा, तुमच्या ओतूरची फोनलाइनच खराब. तेही नाही म्हटलं की मग त्याचं ठरलेलं, "भाभी, सर्व्हर अमेरिकेत आहे ना, तिकडं आता रात्र आहे. तिकडची माणसं उठली की बघतो."

आम्ही सकाळी फोन केला, तिकडं रात्र. दुपारी केला, तिकडं रात्र. संध्याकाळी केला तरी हा म्हणतो तिकडं रात्रच. माझी आई मशिनीवरून मान वर करून म्हणाली, "लईच झोपाळू गाव दिसतंय."

एकदा तर कहर झाला. न्यू जर्सीहून बहिणीचा फोन, "चेतना, तुझ्या साइटवर हे काय आहे?" मी उघडून बघते तर लुगडी गायब, आणि ओझरच्या कुठल्यातरी लॉजची जाहिरात. गणपती दर्शनाला येणाऱ्यांसाठी स्वच्छ खोल्या, गरम पाणी चोवीस तास. दिलखुशने दोन गिऱ्हाइकांची साइट एकमेकांत घातली होती. लॉजवाल्याला तिकडे पोरींच्या कमरेची मापं येत असणार. आम्ही हसलो त्या दिवशी, हो, हसलो. पण त्या आठवड्यात आलेले ई-मेल कुठं गेले ते कधीच कळलं नाही. तिकडच्या बायकांना वाटलं, बाई उत्तर देत नाही. उत्तर काय देणार, पत्रच आलं नाही तर.

आता तुम्ही म्हणाल, भांडायचं ना मग. तिथंच तर घोळ होता. जैनांमध्ये पर्युषण असतं, आणि त्याच्या शेवटी संवत्सरी. त्या दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागतात, त्याला खमावणं म्हणतात. कळत-नकळत काही दुखावलं असेल तर माफ करा, 'मिच्छामि दुक्कडम'. मला ही रीत आवडायची. अजून आवडते. सोहनशेठ नुसत्या नातेवाइकांची नाही, हमालांची, गिऱ्हाइकांची, माझ्या आईची सुद्धा हात जोडून क्षमा मागायचे. मनापासून मागायचे. आई एकदा म्हणाली, "शेठ, काय चुकलं ते सांगा की आधी, मंग बघू." शेठ बिचारे गोंधळून हसले होते.

ही संवत्सरी येते आमचा हंगाम संपला की. म्हणजे बघा, जून ते ऑगस्ट दिलखुशने आमचं वाटोळं करायचं, आणि मग संवत्सरीला त्याचा फोन यायचा. "आत्या, खमावतो. फुफाजी, खमावतो. भाभींना पण सांगा." शेठ खूश. भाभींनी तोंड उघडलं की म्हणायचे, "त्याने क्षमा मागितली, आपण दिली. खमावलेली गोष्ट पुन्हा काढायची नसते, बेटा." आणि पुढच्या वर्षाचे पैसे त्याच आठवड्यात पुण्याला. माझा संताप व्हायचा. बंटीभाऊंना म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, बघतो. ते अजून बघतायत.

तीन हंगाम असे गेले. मशिनी चारच्या दोन झाल्या. तरी भाभी धरून होत्या. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर साइट कायमचीच गेली. पान उघडलं की पांढरं, मध्ये एक ओळ, 'काम चालू आहे'. दिलखुश म्हणाला, मोठ्या सर्व्हरवर नेतोय, थोडा धीर धरा. भाभी रोज सकाळी आंघोळ झाली की मागच्या खोलीत यायच्या, पान उघडायच्या आणि बंद करायच्या. मग एक दिवसाआड. मग मला विचारायच्या फक्त. मी नाही म्हणायचे. मीच दुसरी नोकरी धरली, आळेफाट्याला, आणि सुट्टीला तेवढी येत राहिले.

पुढच्या वर्षी ऑगस्टात न्यू जर्सीहून फोन आला. बहीण रागावलेली. "चेतना, तू असं कापड कधीपासून वापरायला लागलीस? इथं प्रॅक्टिसला स्टेजवर पोरीच्या लुगड्याची शिवण उसवली. सगळे हसले तिला."

भाभींनी त्या वर्षी एकही लुगडं अमेरिकेला पाठवलं नव्हतं.

त्यांनी मला बोलावून घेतलं. साइट उघडली. काय झक्कास उघडली. सगळे फोटो जागेवर, मापाचा तक्ता जागेवर, भाभींनी माझ्याशेजारी बसून जुळवलेली वाक्यं जशीच्या तशी. सगळ्यात वर सिद्धी, कमरेवर हात ठेवून. फक्त खाली फोन नंबर पुण्याचा, दिलखुशच्या बायकोचा. भाभींनी फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "प्रज्ञा, हिला कुणी विचारलं?" सिद्धीबद्दल म्हणत होत्या. नाव गेलं, धंदा गेला, ते त्यांना दिसतच होतं. पण त्यांचा जीव अडकला तो पोरीच्या फोटोत. कुणाच्यातरी उसवणाऱ्या लुगड्यांवर त्यांची सिद्धी हसत उभी होती.

त्यांनी दिलखुशला फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलल्या. मी शेजारी होते. चोर म्हणाल्या. बरोबरच म्हणाल्या. शेठनीही मग फोन लावला. दिलखुश म्हणाला, "फुफाजी, नाव तर पहिल्यापासून कंपनीच्या नावावरच आहे. भाभींचं काम तर बंदच पडलेलं. वाया जाण्यापेक्षा घरातच राहिलं ना?" घरातच राहिलं. हे वाक्य शेठनी आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, आणि मला तर वाटलं त्यांना ते थोडं पटलंसुद्धा.

भाभी म्हणाल्या, मी जुन्नरला वकिलाकडे जाते. नाव परत पाहिजे आणि माझ्या पोरीचा फोटो उतरला पाहिजे. शेठ म्हणाले, पर्युषण होऊ दे. पर्युषण लागलं आणि पानबाईंनी अठाई केली. म्हणजे आठ दिवस उपास, फक्त उकळून गार केलेल्या पाण्यावर. सत्तरीची बाई. आठव्या दिवशी संवत्सरी, आणि दुसऱ्या दिवशी पारणं, सगळ्या नातेवाइकांच्या हातून मुगाचं पाणी घेऊन उपास सोडायचा. संवत्सरीच्या दिवशी पानबाईंनी पडल्या पडल्या सांगितलं, "माझ्या माहेरात आणि सासरात वैर ठेवून मी पारणं करणार नाही. चेतना खमावेल तेव्हाच मी मुगाचं पाणी घेईन." त्या मनाने वाईट नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की त्या घर सांधतायत.

पारण्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं. आई आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, कारण कामाला हात हवे होते. दिलखुश पुण्याहून गाडी घेऊन आला, पांढरा झब्बा, हातात चांदीची वाटी. आत्याच्या पाया पडला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आत्या, माझ्या मनात काहीच नाही. भाभी फोनवर मला नको नको ते बोलल्या, मी ते पण सोडलं." माणसं माना हलवायला लागली. काय मोठं मन आहे म्हणाली एक बाई. ती बाई कोण होती मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही.

सगळे भाभींकडे बघायला लागले. पानबाई उशीला टेकून बसलेल्या, ओठ सुकलेले. शेठ नुसते "बेटा" म्हणाले. बंटीभाऊ खिडकीतून रस्ता बघत होते. सिद्धी दहा वर्षांची, आजीच्या पायाशी बसून आईकडे टक लावून होती. भाभी पुढे आल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी हात जोडले, दिलखुशला, आणि म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम."

दिलखुश म्हणाला, "केलं माफ, भाभी. मनापासून."

पानबाईंनी मुगाचं पाणी घेतलं. लोकांनी जयजयकार केला. मी मात्र रिकामा तांब्या हातात धरून उभी होते. ज्याने चोरलं, त्याने जिचं चोरलं तिला माफ केलं होतं, आणि एवढ्या भरल्या घरात त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही.

दिलखुश निघाला तेव्हा जिन्याखाली बूट घालत होता. मी गेले. म्हटलं, "बाकी राहू द्या तुमच्याकडं, सिद्धीचा फोटो तेवढा काढा." तो वर बघून हसला. म्हणाला, "ताई, त्या फोटोवरच तर ऑर्डरी येतात." आणि गेला.

दुपारी मागच्या खोलीत भाभी मशिनींवर चादरी टाकत होत्या. आईने त्यांना चहा नेऊन दिला आणि तिथंच उभी राहिली. आईला राहवेना. म्हणाली, "भाबी, एक इचारू? तुमचं काय चुकलं व्हतं?"

भाभींनी खूप विचार केला. खरंच आठवून बघत असल्यासारखा. मग म्हणाल्या, "माझं होतं ते मी मागितलं, मावशी." आणि चहा न घेताच चादरीची टोकं नीट करत बसल्या.

वकिलाकडे कुणी गेलं नाही. खमावलेली गोष्ट कशी काढणार? एक मशीन भाभींनी आईला दिली, ती आमच्या ओट्यावर आहे. दुसरी विकली. मागच्या खोलीत आता मच्छरदाण्या आणि सतरंज्यांचा माल ठेवतात. भाभी दुकानात उभ्या राहून पडदे मापतात. मी गेले की हसतात, सिद्धी कितवीत आहे ते सांगतात, त्यापुढे बोलणं जात नाही. मी एकदा साइटचं नाव काढलं तर त्यांनी गिऱ्हाईक नसताना ताग्याची घडी मोडली आणि परत घातली.

मी मात्र अधूनमधून उघडून बघते. आळेफाट्याच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. लेण्याद्रीच्या पायथ्याला हिरवं लुगडं नेसून सिद्धी उभी असते, दोन दात पडलेली. सकाळी बघा, दुपारी बघा, भर पावसाळ्यात ऐन हंगामात बघा. दोन वर्षं झाली आता, साइट एकदाही बंद पडलेली नाही.